गार होईपर्यंत

रविवारी भावोजी ताईला मारत नसत, कारण रविवारी मी त्यांच्या घरी असे. यात माझा काही पराक्रम नव्हता. परक्यासमोर बायकोवर हात उचलायचा नाही एवढी रीत ते पाळत, आणि त्यांच्या लेखी मी तितपत परका होतो.

मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो. दोन माणसं नुसती चढ्या आवाजात बोलू लागली तरी माझे पाय गार पडतात. 'ताईला त्रास देऊ नका' हे वाक्य मी मनात शंभरदा दुरुस्त केलं, पण तोंडातून एकदाही निघालं नाही. त्याऐवजी मी म्हणालो, "भावोजी, मला बोटी करायला शिकवाल?"

भावोजी ओतशाळेत लाकडी साचे करायचे. ती नोकरी सुटल्यावर घरामागच्या खोलीत ते बोटींच्या प्रतिकृती करू लागले, चांगल्या चार-चार फुटी. हात कसबी, धीर मात्र नावाला नाही. बोटीचा कणा आणि त्यावर उभ्या केलेल्या बरगड्या, इथवरचं त्यांचं काम बघत बसावं असं. पण बरगड्यांवर फळ्या बसवायची वेळ आली की ताई गॅस बंद करून उभी राही. फळी सरळ असते आणि बोट कुठेच सरळ नसते. भावोजी कोरडी फळी तशीच दाबत. "ऐकत कशी नाही, बघतोच!" फळी कडकन मोडे. तुकडा भिंतीवर जाई आणि भावोजी स्वयंपाकघरात.

मी ग्रंथालयातून पुस्तकं आणली. फळी वाकवायच्या बऱ्याच रीती निघाल्या. कोणी वाफ देतं, कोणी आतल्या बाजूनं बारीक चिरा पाडतं. मला झेपली ती अशी: फळी कढत पाण्यात वीस मिनिटं बुडवायची, मग तापलेल्या पितळी नळीवर टेकवून हळूहळू वाकवायची. हवी त्याहून थोडी जास्तच, कारण सोडली की ती जराशी मागे येते. लाकडातून 'कट्' असा बारीक आवाज आला की तिथंच थांबायचं. आणि गार होईपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवायची. काही झालं तरी सोडायची नाही.

"लाकडाला आंघोळ घालतोयस होय रे, प्रोफेसर?" भावोजी म्हणाले. "पावडर पण लाव."

पण फळी मोडली नाही. तेव्हापासून अकरा वर्षं वाकवायचं काम रविवारी, माझ्यासमोर.

बाकीचे सहा दिवस कसे जात, हे मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला बोटी आवडू लागल्या होत्या. काही रविवारी तर मी ताईच्या चेहऱ्याकडे बघायच्या आधीच मागच्या खोलीत गेलेलो असे.

त्या रविवारी ताईनं दार उजव्या हातानं उघडलं. डावा हात शालीखाली होता. स्वयंपाकघरात तिनं शाल बाजूला केली. सुजून निळं पडलेलं मनगट दोन लाकडी पट्ट्यांमध्ये ओल्या चिंधीनं बांधलेलं होतं. पट्ट्या मी ओळखल्या. आदल्या रविवारी मीच कापून ठेवल्या होत्या.

"बाथरूममध्ये घसरले, असं सांगायचं ठरलंय," ती म्हणाली.

"कोणाला?"

"विचारील त्याला. कालपासून दवाखान्यात पण जाऊ दिलं नाही. तू काही विचारत नाहीस, तेवढं बरंय."

मी फरशीकडे बघत राहिलो.

"आज मी तुझ्याबरोबर येणार आहे. पिशवी पुढच्या दाराआड ठेवलीय. पण त्याची कडी अडकते, एका हातानं काढायला वेळ लागेल. तेवढा वेळ त्यांचे दोन्ही हात गुंतवून ठेव. जमेल ना रे तुला?"

जमेल, असं मी म्हणालो. मला खात्री नव्हती.

मी नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची फळी काढली. सगळ्यात जास्त वळण तिथंच असतं. मुद्दाम जाड फळी घेतली, भिजवली, नळीवर धरली. भावोजींनी दोन्ही टोकं पकडली आणि दाबू लागले.

"थरथरतोस काय मेव्हण्या? फळी चावत नाही."

"गार होईपर्यंत सोडू नका," मी म्हणालो.

बाहेर कडी वाजली. एकदा, मग पुन्हा.

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा वाचायला मुद्रितशोधक लागत नाही. त्यांनी फळी सोडली. ती उसळून माझ्या भुवईवर बसली आणि एक डोळा रक्तानं भरला.

मी बाहेर पोचलो तेव्हा त्यांनी ताईचे केस मुठीत धरले होते. त्यांनी तिचं डोकं दारावर आपटलं. पुन्हा आपटलं. मग बांधलेलं मनगट पकडून पिरगाळलं. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी अकरा वर्षांत कधी ऐकला नव्हता. तो सोमवार ते शनिवारचा आवाज होता.

हातात लाकडी हातोडी कधी आली कळलं नाही. मी ती त्यांच्या पाठीत मारली. इतकी हळू, की बहुतेक 'माफ करा' असंही म्हणालो असेन. ते वळले. पहिल्या ठोशात माझा दात पडला, दुसऱ्यात मी. बरगड्यांत लाथ बसली, मग कॉलरला धरून त्यांनी मला फरफटत मागच्या खोलीत आणलं आणि माझं तोंड तापल्या नळीकडे दाबलं.

"बोल प्रोफेसर, तुला किती वेळ भिजवायचं?"

गाल नळीला टेकला. कातडी जळल्याचा वास आला. हा वास आपलाच, हे समजायला मला क्षणभर वेळ लागला.

मागून ताईनं फळ्या भिजवायची परात उजव्या हातानं त्यांच्या पाठीवर उपडी केली. पाणी अजून कढत होतं. ते ओरडून पुढे कोसळले आणि त्यांचा डावा हात टेबलाच्या काठावर आडवा आला.

मी त्या हातावर पडलो. एक तळवा कोपराशी, दुसरा मनगटाशी. दाबू लागलो. घाई केली नाही.

'कट्' असा बारीक आवाज आला.

तिथं थांबायचं असतं. मीच त्यांना शिकवलं होतं. आवाज ऐकूच आला नाही असं मी नंतर स्वतःला सांगून बघितलं, पण तो आला होता. मी थांबलो नाही. हवं त्याहून थोडं जास्तच दाबलं. मग मोठा आवाज आला आणि भावोजींची किंकाळी मधेच तुटली.

"सोड," ताई म्हणाली.

मी दोन्ही हातांनी धरून होतो.

"सोड रे. गार पडलेत ते. शुद्ध नाहीये."

आरडाओरडा ऐकून आलेल्या शेजाऱ्यांनी तिघांनाही एकाच गाडीत घातलं. ताई पिशवी घेऊन पुढे बसली. मागे मी आणि भावोजी. अर्ध्या वाटेत त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि दाराकडे सरकून बसले. मला बघून याआधी कोणी सरकल्याचं मला आठवत नाही.

डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "कसं झालं हे?"

भावोजी मला बघून थांबले. पुस्तकं वाचणाऱ्या मेव्हण्यानं हात मोडला, हे काही त्यांच्या तोंडून निघेना.

"बाथरूममध्ये घसरलो."

डॉक्टर ताईकडे वळले. "आणि तुम्ही?"

 ताईनं माझ्याकडे बघितलं.

 जीभ पडलेल्या दाताच्या जागी जात होती.

"कोणी घसरलेलं नाही," मी म्हणालो. "हे माझ्या बहिणीला मारतात. तिचा हात यांनी मोडला. यांचा मी मोडला."

"पोलिसांना कळवावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "त्यांच्यासमोर हेच सांगाल?"

"सांगेन."

"तुमच्यावरही येईल ते."

"हो."

"याला वेड लागलंय," भावोजी पुटपुटले. कोणी तिकडे लक्ष दिलं नाही.

डॉक्टर ताईच्या मनगटावरची चिंधी सोडू लागले. दोन्ही पट्ट्या निघाल्या. दीड दिवस ओल्या चिंधीत घट्ट बांधून राहिल्यामुळे त्या मनगटाच्या सुजेबरोबर वाकल्या होत्या.

"ह्या ठेवायच्यात का?"

"फेका," ताई म्हणाली.

त्यांनी त्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. नाळेच्या वळणाला त्यातली एक अगदी बरोबर बसली असती, असं माझ्या मनात येऊन गेलं. ताईनं माझ्याकडे बघितलं, तेव्हा मी खाली मान घातली.