लोंबता दोरा

मास्तरांना जाग आली, तेव्हा कुणीतरी त्यांचं दुकानच पळवून नेलं होतं. मशीन नाही, कात्री नाही, गिऱ्हाईक नाही! भिंत पांढरी, पडदा पांढरा आणि समोर ओळीने पाच दारं, सगळी एकसारखी. साठ वर्षं कपडे शिवलेल्या या माणसाला विसरण्याच्या आजाराने गाठलं होतं आणि छातीत कफ झाला म्हणून परवा हॉस्पिटलात आणलं होतं. पण हे तुम्हाआम्हाला ठाऊक, मंडळी. त्यांना कुठे ठाऊक?

त्यांना लघवीला जायचं होतं. पहिलं दार उघडलं, तर आत चादरींची चळत. दुसऱ्यात डॉक्टर चहा पीत बसलेले.

"आजोबा, परत उठलात? किती वेळा सांगायचं?" मोठ्या सिस्टर कडाडल्या.

काय सांगितलं होतं, ते मास्तरांना काही केल्या आठवेना. तोवर व्हायचं ते झालं, पायजमा ओला झाला. शरमेने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांचे कपडे बदलून सिस्टरनी त्यांना खाटेवर निजवलं आणि पुन्हा सलाईन लावलं. तीच ती नळी हातावरून लोंबायला लागली. आता तुम्हीच सांगा, ज्याने जन्मात कधी गिऱ्हाइकाच्या अंगावर लोंबता दोरा जाऊ दिला नाही, तो गप्प बसेल? धरली आणि ओढली! चादर रक्ताने माखली.

"सकाळपासून तिसरी वेळ!" सिस्टर रडकुंडीला आल्या. तीस पेशंट आणि सांभाळायला दोघीजणी. "औषध शिरेतून गेलं नाही, तर हा माणूस हातचा जाईल. बांधा हात!"

पट्टीने दोन्ही मनगटं खाटेच्या दांडीला बांधली. मास्तर हबकले. आपला गुन्हा काय?

"उरलेलं कापड मी परत केलंय हो," ते गयावया करू लागले. "वीतभरसुद्धा ठेवून घेतलं नाही. सोडा मला!"

चार वाजता, भेटायच्या वेळेला लेक आली. बांधलेले हात पाहून तिच्या काळजाचं पाणी पाणी झालं आणि मग तिचा पारा चढला.

"चोर आहेत का ते, सिस्टर?"

"मला काय हौस आहे? तुम्ही तासाभराने जाणार. निस्तरायचं आम्ही!"

"जाणार, कारण तुम्हीच घालवता! दाखल करताना वय विचारलंत, वजन विचारलंत, साखर विचारलीत. हा माणूस कोण, हे विचारलंत? मी सांगितलं असतं, शिंपी आहेत, लोंबतं काही दिसू देऊ नका. नळी बाहीखाली घ्या. हाताला काम द्या. आणि मला बसू द्या इथे. त्यांना आठवत नाही, ते मला आठवतं."

सिस्टर नाराजीनेच उठल्या. पट्ट्या सोडल्या, पुन्हा सलाईन लावलं आणि लांब बाहीचा सदरा घालून नळी पाठीमागून काढली. लेकीने पर्समधून मापाची टेप काढून वडिलांच्या हातात दिली. डोकं विसरलं होतं, बोटं कुठे विसरली होती! मास्तरांनी उशी मोजली, पांघरूण मोजलं. मग सिस्टरना हाक मारली.

"या बाई. उभ्या राहा सरळ."

दहा इंजेक्शनं द्यायची बाकी होती. तरी सिस्टर खाटेजवळ पाठ करून उभ्या राहिल्या. टेप या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत गेली.

"डावा खांदा अर्धा इंच उतरलाय. फार ओझं उचलता तुम्ही. बेतताना सांभाळून घेईन हं."

वीस वर्षं माणसं उचलून तो खांदा दुखत होता. घरच्यांनीसुद्धा कधी विचारलं नव्हतं. सिस्टरच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"अरे देवा! आणि मी यांना अकरा नंबरच्या खाटेची कटकट म्हणत होते!"

दुसऱ्या दिवशी संडासाच्या दाराला पिवळा रंग लागला, वर मोठं चित्र. अशा पेशंटच्या उशाशी एक कागद आला: हे कोण, कशाला घाबरतात, कशाने शांत होतात. घरच्या एका माणसाला दिवसभर बसायची मुभा मिळाली. फार खर्च नाही झाला, मंडळी. आठवण गेली म्हणून माणूस जात नाही. त्याला बरं करायचं, तर आधी त्याला ओळखायला हवं, आणि ते काम आपलं!

मास्तरांचा गोंधळ मात्र संपला नाही. दुकान कुठे गेलं, ते रोज विचारत. एकदा नळी बाहीबाहेर डोकावली. बोटं तिकडे गेली आणि थबकली.

"हे काम कुणाचं?"

"माझं, मास्तर," सिस्टर म्हणाल्या.

"मग राहू दे," मास्तर म्हणाले. "तुमचा हात चांगला आहे."