गैरहजर

सर्वसमावेशक शिक्षणावरच्या निबंधात शिकाऊ बाईंना सगळ्यांत जास्त गुण मिळाले होते. आता उरला होता शेवटचा सराव पाठ, आणि त्याला बाहेरचे परीक्षक येणार होते.

चौथीच्या वर्गात पहिल्या बाकावर बिट्टी बसायची. तिला सगळं यायचं, पण बोलताना जीभ वळत नसे, मान हलत राही. एक वाक्य पुरं व्हायला मिनिट लागे. हात मात्र प्रत्येक प्रश्नाला वर.

"ही उभी राहिली की माझ्या पाठाचे बारा वाजणार," शिकाऊ बाई मैत्रिणीला म्हणाल्या.

"मग बाहेर काढ. माझ्या वर्गातल्या अशाच एकीला मी त्या दिवशी घरीच बसवलं होतं," मैत्रीण हसली. तीही शिकाऊच.

पाठाच्या दिवशी त्यांनी बिट्टीच्या गालावर हात ठेवला. "बाळा, आज तुझ्यावर मोठी जबाबदारी. सामानाच्या खोलीतले तक्ते नीट लावायचे. मी बोलवेपर्यंत बाहेर यायचं नाही."

बिट्टी हरखून गेली. बाईंनी हजेरीत तिला गैरहजर दाखवलं. गैरहजेरीचा निरोप पालकांच्या फोनवर आपोआप जातो, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

पाठ रंगात आला आणि बिट्टीची आई दारात उभी राहिली. शिवणाच्या कारखान्यातून तशीच धावत आलेली, गळ्यात मापाची टेप. "मी स्वतः सोडलं तिला फाटकात. कुठंय माझी पोर?"

शिपायाने शोधून आणलं. परीक्षकांनी विचारलं, "कुठे होतीस?"

"बा... बाईं... नी..." बिट्टीचे ओठ वाकडे झाले. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं.

"बाईंनी पाहू नये म्हणून लपले, असं म्हणतेय," शिकाऊ बाई हळुवारपणे म्हणाल्या. "कंटाळते बिचारी. मला कळतं तिचं बोलणं."

बिट्टीने जोरजोरात मान हलवली. पण तिची मान नेहमीच हलायची.

आईने थोबाडीत दिली. "जिवाला घोर लावलास माझ्या. माग बाईंची माफी."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. शिकाऊ बाई गुडघे टेकून बिट्टीसमोर बसल्या. "सावकाश बोल हं, बाळा. घाई नाही."

माफीचं एक वाक्य पुरं व्हायला मिनिटभर लागलं. बाई शेवटच्या अक्षरापर्यंत थांबल्या. परीक्षकांनी वहीत लिहिलं: 'संयम वाखाणण्याजोगा.'