पहिल्या संक्रांतीचा जावई

पाचवा स्वेटर बांधायला कमरेवर जागा उरली नाही, तेव्हा भाऊसोंनी तो गळ्यात अडकवला आणि दोन्ही बाह्यांची छातीवर गाठ मारली.

"तुजा बी आण रं," ते साईराजला म्हणाले. "पळून पळून घाम फुटला असंल."

"पळून न्हाई, काका. दोन सिक्स बसल्यात, त्यानं." पुतण्यानं आपलं जाडजूड जर्कीन त्यांच्या खांद्यावर टाकलं, वर माकडटोपी ठेवली आणि चेंडू घासत लांब निघून गेला.

बांधावरच्या स्पीकरमधनं समालोचन करणाऱ्या अर्जुनाचा आवाज आला, "आपले अंपायर, सुभेदार भाऊसो, आता माणूस कमी अन् कपाट जास्त दिसाय लागल्यात. कुणाचं कानटोपडं हरवलं असंल, तर तिथं चौकशी करावी."

बांधावर हशा पिकला. भाऊसो हसले नाहीत. पंचानं हसायचं नसतं, आणि आज तर त्यांना हसू येतही नव्हतं.

किंक्रांतीला त्यांच्या गावात कुणी औत धरत नाही, नवं काम काढत नाही. सकाळी मटणाची भांडी चुलीवर चढतात आणि उसाच्या मोकळ्या झालेल्या रानात सामना होतो, गाव विरुद्ध जावई. गावच्या लेकी जिथं जिथं दिल्या, तिथनं तिथनं जावई येतात. कुणी औंधचा, कुणी उंब्रजचा, कुणी पार सांगलीकडचा. त्यातल्या निम्म्यांची पोटं पुढं आणि गुडघे मागं राहिलेले असतात. तरी जावई तो जावई. यंदा गारठा असा होता की रानात दहिवर पांढरं दिसत होतं, आणि झेल पकडणारा माणूस झेल सुटल्याचं दुःख न करता हात काखेत घालून उड्या मारत होता.

भाऊसो फौजेतनं आल्यापासून पंच तेच. दोन्ही संघांचा विश्वास एकाच गोष्टीवर होता, सुभेदारांच्या बोटावर. ते बोट नातं ओळखत नव्हतं.

आणि तिथंच घोडं अडलं होतं. पहाटे पाण्याला जाळ घालता घालता रंगुबाईंनी त्यांना अडवलं होतं.

"आवं, आयकताय का? आज ते बोट घरी ठिवून जावा."

"का?"

"का काय का? पोरीची पहिली संक्रांत हाय. जावई भोपळ्यावर माघारी आला तर मटण काय भिंतीला वाढू?"

"आऊट असंल तर आऊट. न्हाई तर न्हाई."

"व्हय. त्येच म्हणून तवा लीलावन्सं दोन वर्सं माहेराला आल्या न्हाईत."

सत्तावीस वर्षांपूर्वी, रजेवर आले असताना, त्यांनी आपल्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला पहिल्या संक्रांतीला, पहिल्याच चेंडूवर धावचीत दिलं होतं. सयाजीराव बॅट खांद्यावर टाकून जे चालू लागले ते थेट हमरस्त्याला, आणि तिथनं मिळेल त्या एसटीनं घरी. जेवले नाहीत, आहेराचा पोशाख घेतला नाही. लीलाबाईला मागनं निरोप आला, तशी निघून ये. दोन वर्षांनी ती माहेराला आली ती बाळंतपणाला. बॅटही तेव्हाच परत आली.

तेव्हापासून गावात एक कलम न लिहिता पाळलं जात होतं. पहिल्या संक्रांतीचा जावई भोपळा फुटेपर्यंत बाद होत नसतो. गोलंदाजच समजून पहिला चेंडू असा हळू टाकत, की आंधळ्यानंही एक धाव काढावी. त्यामुळं भाऊसोंच्या बोटावर पुन्हा तशी वेळ आली नव्हती.

पण त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं ते निराळंच. समीक्षा भोगीला आली होती. मे महिन्यात लग्न झाल्यापासनं मुक्कामाला अशी पहिल्यांदाच. आणि पोरगी बोलत नव्हती. म्हणजे बोलत होती. पण 'बरं हाय' एवढंच. सासू कशी आहे? बरं हाय. पाटणला करमतं का? बरं हाय. ही ती पोर, जी अंगणात त्यांच्या चेंडूवर त्रिफळा उडाला तरी 'नो बॉल हाय, नो बॉल हाय' म्हणून अर्धी गल्ली गोळा करायची, आणि बाप बॅटिंगला आला की परसात भांडी घासता घासता आतनंच आऊट द्यायची. काल काळ्या साडीत, हलव्याचे दागिने घालून नवऱ्याशेजारी बसली होती, मान खाली. आवाज तिकडंच कुठंतरी फडताळात ठेवून आल्यासारखी. राजवर्धन माणूस सरळ वाटला. पाटणला औषधांचं दुकान, बोलणं मोजकं. पण सरळ माणसाच्या घरातही पोरी गप्प होतात, हे भाऊसोंनी पाहिलं होतं. बापानं ते विचारायचं कसं, एवढं मात्र फौजेत कुणी शिकवलं नव्हतं.

"जावई इलेव्हनचा आठवा गडी बाद!" अर्जुना ओरडला. "पाच चेंडूत सात धावा पायजेत. अन् मैदानात येत्यात आपल्या सुभेदारांचं नवंकोरं जावई, राजवर्धनराव! टाळ्या वाजवा, हात बी गरम हुतील."

राजवर्धन आला. अंगात सासऱ्याचाच जुना हिरवा फौजी स्वेटर होता. रंगुबाईंनी सकाळी बळंच घातलेला, बाह्या बोटांच्या खाली येणारा. त्यानं पंचांकडं बघून मान लववली.

"मामा, मधला स्टंप."

भाऊसोंनी त्याला खूण करून दिली. मग साईराजकडं बघितलं. साईराजनं डोळा मिचकावला, म्हणजे काळजी नको.

आणि चेंडू खरोखरच तसा आला, लग्नातल्या अक्षतांसारखा, अलगद. बॅटला बिलगायलाच निघालेला. राजवर्धननं एवढा मोठा घाव घातला की तो स्वतःभोवती एक फेरी फिरला. टक्. थंड हवेत तो आवाज सुपारी फुटल्यासारखा स्पष्ट वाजला. चेंडू कीपरच्या हातात जाऊन बसला. कीपरला बिचाऱ्याला तो टाळताही आला नाही.

"हाऊज..." नऊ गळ्यांतनं एकदम निघालं, आणि नवांनाही एकदमच आठवण झाली. उरलेला शब्द त्यांनी गिळला. कुणी खोकलं, कुणी बुटाची नाडी बांधायला वाकलं. कीपर चेंडूकडं असा बघत होता, जणू तो कुणीतरी त्याच्या खिशात टाकला होता.

स्पीकरमधनं नुसती खरखर येत होती.

भाऊसोंचा उजवा हात पाच स्वेटरांच्या खाली होता. बोट ताठ झालं होतं; सवयीनं झालंच होतं. पण वर जर्कीन होतं, त्यावर कुणाची शाल, आणि बाह्यांच्या गाठी. हात निघत नव्हता, की ते काढत नव्हते, हे त्यांचं त्यांनाही ठरवता येईना. बायकांच्या बाजूला रंगुबाई उभ्या राहिल्या होत्या. इतक्या लांबनंही त्यांचे डोळे दिसत होते. डोक्यात मात्र एकच हिशेब चालला होता. दोन वर्षं. दोन वर्षं म्हणजे दोन दिवाळ्या.

राजवर्धन बॅटची कड बघत उभा होता.

आणि बांधावरनं आवाज आला. स्पीकरविना, सगळं रान कापत.

"आऊट हाय!"

माणसं वळली. समीक्षा पदर खोचून उभी होती, एका हातात तिळगुळाचा डबा.

"आबा, बघताय काय? लागली की बॅटला! हितं आयकू आली! बोट काढा वर!"

"गं बया," रंगुबाई मटकन खाली बसल्या.

राजवर्धननं बॅट खाली टाकली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून बायकोकडं बघितलं. मग तो हसायलाच लागला, पार वाकून.

"बघताय न्हवं, मामा?" तो म्हणाला. "घरी बी हेच. गच्चीवर आमच्या आईला बॉलिंगला लावती, अन् मला आऊट देती. आठ महिन्यांत दहाच्या वर रन न्हाईत माझं!"

"दहा कुठलं? सहा!" बांधावरनं उत्तर आलं. "तुमच्या आईला इचारा!"

"आन् आई बी तिच्याच बाजूची," राजवर्धन भाऊसोंना म्हणाला, तक्रार केल्यासारखं. "दोघी मिळून अपील करत्यात. शेजारी जमत्यात ओ."

आता सगळं रान हसत होतं. साईराज खाली बसून हसत होता. भाऊसोंना विचारायचं काही उरलं नव्हतं. त्यांनी डाव्या हातानं जर्कीन बाजूला केलं, शाल ढकलली, आणि बाह्यांच्या गुंत्यातनं उजवा हात ओढून काढला. बोट वर गेलं, ताठ, कवायतीतल्यासारखं. त्यावर साईराजची लाल माकडटोपी अडकून लोंबत होती.

ते तसंच राहिलं. राजवर्धन निम्म्या वाटेवर गेला, बायकोकडं बघून मूठ दाखवून गेला, तरी राहिलं. वारं बोचरं होतं. भाऊसोंनी हाताला लागेल ती बाही धरली आणि डोळे पुसले.

"काका, त्यो माझा स्वेटर हाय," कीपर हळूच म्हणाला.

"सुभेदार," स्पीकरमधनं अर्जुना म्हणाला, "बोट खाली घ्या. फुडला जावई आलाय."

शेवटचा गडी समोर येऊन उभा होता. सयाजीराव. पोट पुढं, बॅट खांद्यावर, सत्तावीस वर्षांपूर्वीसारखीच. त्यांनी त्या बोटाकडं वर बघितलं, टोपीकडं बघितलं, मग मेव्हण्याच्या तोंडाकडं.

"मला दावलंसा तवा," ते म्हणाले, "येवढा येळ न्हवता लावला."