गडद हिरवा दोरा

सुट्ट्यांच्या मोसमात आठवडाभर घरांची अदलाबदल करावी, हा प्रस्ताव नानाने आपण होऊन मजपुढे मांडला, त्याच क्षणी माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

नाना हा माझा चुलतभाऊ. महानगरातील एका चष्म्याच्या दुकानात काचा घासण्याचे काम तो कित्येक वर्षे करीत आहे. मी आमच्या लहानशा गावी पुस्तकबांधणीचा व्यवसाय करतो, आणि ज्या घरात आम्ही दोघे एका ताटात जेवून वाढलो, त्याच घरात राहतो. त्या घराची वाटणी कधी झाली नाही. निम्मे घर नानाचे आहे, ही गोष्ट त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक आहे. आजवर आम्हा दोघांपैकी कोणीही ती मुखातून काढलेली नाही.

“तुम्ही दोघं या की इकडे,” नाना फोनवर म्हणाला. “दिवे बघा, मोठा आकाशपाळणा बघा, नदीत बोटीतून फिरा. आम्ही दोघं तिकडे शांत पडून राहतो.”

शांत पडून राहण्यासाठी मनुष्य एवढा दूरचा प्रवास करतो काय? माझ्या मते नानाला घर पाहावयाचे होते, आणि घर पाहावयाचे म्हणजे आपला निम्मा हिस्सा पाहावयाचा होता. हिस्सा विकला गेला तर भिंतीच्या पलीकडे कोण येऊन बसेल आणि माझी यंत्रे कोठे जातील, या चिंतेने मला घेरले. नकार द्यावा, तर तो म्हणणार की मला माझ्याच घरात येऊ देत नाही. शिवाय मी विचार करीत असतानाच पत्नीने माळ्यावरून बॅग उतरविली होती.

“लग्न झाल्यापासून मला तुम्ही दाखवलंत काय?” ती म्हणाली. “खळ आणि पुठ्ठा.”

निघण्यापूर्वी मी माझ्या लाकडी कपाटाच्या दोन्ही दारांवर, गुडघ्याच्या उंचीवर, फिकट निळ्या दोऱ्याचा एक तुकडा दोन टोकांना खळ लावून आडवा चिकटविला. कपाटात कपड्यांवाचून काही नव्हते. परंतु नाना कोठे कोठे हात घालतो, हे मला जाणून घ्यावयाचे होते. ही विद्या आमच्या काकांची. नानाचे वडील ते, आणि मला वाढविलेदेखील त्यांनीच. ते एका गिरणीच्या कोठारावर कारकून होते आणि घरातील साखरेच्या डब्यालासुद्धा असा दोरा लावून मगच कामावर जात. उंचावर लावलेला दोरा दिसतो, गुडघ्यापाशी लावलेला दिसत नाही, असे ते आम्हा दोघांना समोर बसवून सांगत.

नानाचे घर सातव्या मजल्यावर होते. दोन खोल्या, एक खिडकी, आणि सर्व वस्तू जागच्या जागी. मी चपला ठेवण्यासाठी खाली वाकलो आणि तसाच थबकलो. आतल्या खोलीतील नानाच्या कपाटाच्या दारांवर, गुडघ्याच्या उंचीवर, गडद हिरव्या रंगाचा दोरा आडवा चिकटविलेला होता.

“बघ! मला चोर समजतो हा!” मी म्हणालो.

“आणि तुम्ही आपल्या कपाटाला काय लावून आलात?”

“ती खबरदारी.”

“मग हीपण खबरदारीच,” असे म्हणून ती चहाचे आधण ठेवावयास गेली.

मी निश्चय केला की या घरातून पाऊल बाहेर टाकावयाचे नाही. आमच्या पश्चात दोरा तुटला, तर आळ आमच्यावर येणार. “भाऊ म्हणून घर दिलं आणि तू कपाट उघडलंस, आता वाटणी कर,” असे म्हणण्यास नानाला तेवढे निमित्त पुरेसे होते.

“दोरा कोण तोडणार? भुतं?” पत्नीने विचारले.

“नानाने दुसरी किल्ली कोणाला दिली नसेल कशावरून?”

खिडकीपाशी खुर्ची ओढून ती बसली. दूरवर मोठ्या पाळण्याचे दिवे लाल होत, मग निळे होत, मग पांढरे. पहिला दिवस असाच गेला आणि दुसराही. मी कपाटासमोर बसून होतो आणि ती माझ्याकडे पाठ करून.

गावी आमच्या शेजारी एक निवृत्त कंपाउंडर राहतात. त्यांच्यावर मी घराकडे लक्ष ठेवण्याची कामगिरी सोपविली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना फोन केला.

“काय कंपाउंडरसाहेब, नाना बाहेर पडतो का?”

“छे हो, बाइंडर. पायरीवर बसलेले असतात. आमच्याकडे बघतात, आम्ही त्यांच्याकडे बघतो. काल मात्र एक माणूस आला होता. गळ्यात टेप होती.”

“मोजायची टेप?”

“गळ्यात टेप म्हणजे मोजायचीच की! दोघं आत गेले आणि दार लावून घेतलं.”

“घर मोजलं?”

“दार लावल्यावर मला काय दिसणार? मी कंपाउंडर आहे, एक्स-रे नव्हे.”

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. म्हणजे मापे घेण्यापर्यंत मजल गेली होती! हे वृत्त पत्नीला सांगावे म्हणून मी आतल्या खोलीत गेलो, तो कपाटाचे दार सताड उघडे, आणि ती हातात घोंगडी घेऊन उभी. हिरव्या दोऱ्याचे एक टोक उजव्या दाराला लोंबत होते. दुसरा तुकडा जमिनीवर पडला होता.

“हे काय केलंस?”

“थंडी वाजत होती.”

पलंगावर एक घोंगडी आधीपासूनच होती. ती घडी घालून, नीट उशाशी ठेवलेली होती. हे माझ्या नजरेतून सुटले नाही, परंतु त्या घटकेला माझे चित्त दोऱ्याकडे लागले होते. तुटलेला दोरा जोडता येत नाही, गाठ दिसते. तो पूर्ण बदलावा लागतो, आणि बदललेला दोरा त्याच छटेचा नसेल, तर काकांचा मुलगा तो एका दृष्टिक्षेपात ओळखणार. काचांवर ज्याचे आयुष्य गेले, त्याची नजर ती!

मी तो तुकडा कागदात गुंडाळून खिशात ठेवला आणि जोडे घातले.

“थांबा, मीपण येते,” पत्नी म्हणाली. तिचे केस विंचरलेले होते आणि तिने ठेवणीतली शाल आधीच पांघरलेली होती.

इमारतीखालचे दोरे-बटणांचे दुकान सुट्ट्यांमुळे बंद होते. त्याच्या पुढचेही बंद होते. मी हताश झालो, तेव्हा ती म्हणाली, “मोठ्या चौकात सुट्टीचा बाजार भरलाय. तिथे लोकरवाले असणार. लोकर आहे तिथे दोरा आहे.”

चौकात लाकडी टपऱ्यांच्या ओळी होत्या आणि त्यांवर लहान लहान दिव्यांच्या माळा सोडलेल्या होत्या. भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास, गरम पेयांच्या वाफा, बँडचे सूर आणि माणसांची दाटी. पत्नीने हातमोजे घालून पाहिले, मेणबत्त्यांचा वास घेतला आणि एका लाकडी घोड्याची चावी फिरवून पाहिली. एका लोकरवाल्या बाईने माझा तुकडा प्रकाशात धरला.

“हा बाटलीचा हिरवा. माझ्याकडे पानाचा हिरवा आहे.”

“चालणार नाही.”

“अहो, चार पावलांवरून सारखाच दिसतो.”

“पाहणारा चार पावलांवरून पाहत नाही,” मी म्हणालो. ती बाई माझ्याकडे निराळ्याच नजरेने पाहू लागली.

तेथून पत्नीने मला बर्फाच्या मैदानावर नेले. बर्फावरून घसरण्याचे जोडे जेथे भाड्याने मिळतात, तेथे फाटलेले मोजे शिवून देणारा मनुष्य बसतो, अशी तिची माहिती होती. ती तिला कोठून मिळाली, हे मी विचारले नाही. तसा मनुष्य तेथे नव्हता. परंतु तोवर ती जोडे घालून बर्फावर उतरली होती, आणि तिला पडू न देण्यासाठी मला कठड्याच्या बाजूने तिचा हात धरून चालावे लागले. ती दोनदा पडली आणि दोन्ही वेळा खो खो हसली. अशी हसताना मी तिला फार वर्षांत पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही संग्रहालयात गेलो. तेथे जुन्या भरतकामाचे दालन आहे, आणि भरतकाम आहे तेथे दोरा असणारच, असे तिचे म्हणणे पडले. दालनात प्राचीन दोरा विपुल होता, परंतु तो काचेच्या आत होता. हाडांच्या सांगाड्यांचे दालन पाहिल्याशिवाय बाहेर जाण्याची वाटच नाही, असेही तिने मला सांगितले. मी पहारेकऱ्याला विचारले, तर तो म्हणाला, “वाट ही काय, तुमच्या मागेच.”

सायंकाळी आम्ही नदीकाठच्या मोठ्या पाळण्याच्या रांगेत उभे होतो.

“वरून सगळं शहर दिसतं,” ती म्हणाली. “कुठली दुकानं उघडी आहेत ते दिव्यांवरून कळेल.”

ही गोष्ट मला तर्काला धरून वाटली. मात्र पाळणा वर गेला, शहर पायाखाली पसरले, रस्ते दिव्यांच्या दोरांसारखे उजळले, आणि मी एकेक गल्ली निरखीत असताना सहज शेजारी पाहिले. पत्नी दुकाने शोधीत नव्हती. तिने गाल काचेला लावला होता आणि ती नुसतीच पाहत होती. तेव्हा पलंगावरील त्या घडी घातलेल्या घोंगडीचे मला स्मरण झाले.

“खरं सांग. तो दोरा तू मुद्दाम तोडलास?”

“तुम्ही पोलिसात जायला हवं होतं.”

“हे उत्तर नव्हे.”

“मुद्दाम काय आणि चुकून काय, दोरा तुटला ना? मग शोधा. ते बघा, त्या पुलापाशी केवढा उजेड आहे. बोटी सुटतात तिथून. उद्या तिकडेही विचारू.”

याहून अधिक तिच्याकडून काही निघाले नाही, आणि आजतागायत निघालेले नाही.

पाळण्यातून उतरतो न उतरतो तोच कंपाउंडरसाहेबांचा फोन आला.

“अहो बाइंडर, तुमच्या नानांना झालंय काय? काल-परवापासून गावभर फिरताहेत. आता आमच्या हिच्याकडे आले होते, फिकट निळा दोरा आहे का म्हणून. तो टेपवाला नव्हता का, तो शिंपी निघाला! त्याला घरी नेऊन रंग दाखवला म्हणे. तोही म्हणाला, ही छटा माझ्याकडे नाही.”

मी गर्जना केली, “उघडलं! त्याने माझं कपाट उघडलं!”

रांगेतील माणसे वळून पाहू लागली. एका गृहस्थाने आपल्या खिशातले पाकीट चाचपले.

“हळू,” पत्नी म्हणाली. “आधी मला सांगा, तुमच्या खिशात काय आहे?”

खिशात कागदाची घडी होती. मी त्या घडीवर हात ठेवला.

“आता भावाला फोन करा,” ती म्हणाली. “कंपाउंडरला नव्हे. भावाला. जे विचारायचंय ते सरळ विचारा, म्हणजे मला उद्या बोटीत तरी सुखानं बसता येईल.”

नदीच्या कठड्याला टेकून मी फोन लावला. वास्तविक मला विचारण्याची भीती वाटत होती. जोवर विचारले नाही, तोवर निम्मे घर तोंडाबाहेर पडलेले नव्हते.

“काय रे, फिरताय ना?” नाना म्हणाला.

“फिरतोय. तू?”

“मीपण जरा बाजारात जाऊन आलो.”

“काय घ्यायला?”

“काही नाही. तू?”

“काही नाही.”

मग मी म्हणालो, “नाना, तू विश्रांतीला नाही गेलास. घर बघायला गेलास.”

“हो,” तो म्हणाला.

“हिस्सा विकायचाय?”

“विकायचाय? डोकं फिरलं का तुझं? अरे, दुकानात काचा घासायचं मशीन घेतलंय. पुढच्या मोसमापर्यंत मला घरी बसवणार. आणि घर कुठलं? ज्यात तू उतरलायस ते दुकानाचंच आहे. नोकरी गेली की तेही गेलं. म्हणून आलो. म्हटलं, मागच्या खोलीत दोन माणसं मावतात का बघावं.”

“मग तोंडानं सांगायचं होतंस.”

“काय सांगू? तू म्हणाला असतास, आला हक्क गाजवायला.”

“म्हणालोच असतो,” मी कबूल केले.

मशीनची ही हकीकत खरी असेल काय, अशी शंका त्याही स्थितीत माझ्या मनात डोकावून गेली, ही गोष्ट मी लपवीत नाही. परंतु नानाचा आवाज मी लहानपणापासून ओळखतो. खोटे बोलताना तो भरभर बोलतो. आता तो अडखळत होता.

“मागच्या खोलीत माझं कटिंग मशीन आहे,” मी म्हणालो.

“बघितलं. केवढं थोरलं आहे ते.”

“ते हलवायला चार माणसं लागतात.”

“हो रे, कळतंय मला. राहू दे. मी आपलं सहज म्हटलं.”

सहज कसले! पत्नी माझ्या अगदी जवळ येऊन उभी राहिली होती आणि तिला पलीकडचे सर्व ऐकू जात होते. ती माझ्याकडे पाहत नव्हती. नदीतून एक बोट माळा पेटवून चालली होती, तिकडे ती पाहत होती.

“राहू दे काय, राहू दे काय?” मी म्हणालो. “मी तिथे आल्याशिवाय त्याला कोणी हात लावायचा नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. पातं सैल झालंय, बोटं जातील तुझी. मी आलो की ओसरीवर नेऊ. आणि वहिनींना विचार, पलंग खिडकीखाली चालेल का. सकाळचं ऊन थेट डोळ्यांवर येतं तिथे.”

पलीकडून नानाचा आवाज आला, पण मला उद्देशून नव्हे, आमच्या घराच्या आतल्या खोलीकडे तोंड करून मारलेली ती हाक होती.

“अगं, ऐकलंस का? ऊन चालेल का, विचारतोय!”