दहिवर नसलेले सहा ठोकळे

७ नोव्हेंबर २०१८, बुधवार. सकाळचे नऊ वाजून पाच मिनिटे. तापमान उणे चौदा. उत्तरेकडच्या भिंतीलगत लाकडी फळीवर काँक्रीटचे सहा ठोकळे असायला हवे होते. दुलमाबाईंनी मोजले. सहा होते.

त्यांनी वहीत आकडा लिहिला, पेन टोपीत घातले आणि तरीही फळीसमोरून हलल्या नाहीत. वाळूच्या ढिगावर दहिवर होते. सळ्यांवर होते, सिमेंटच्या पोत्यांवर टाकलेल्या ताडपत्रीवर होते, ज्या फळीवर ठोकळे मांडले होते त्या फळीवरही होते. फक्त ठोकळ्यांवर नव्हते. हातमोजा काढून त्यांनी एका ठोकळ्यावर तळवा टेकवला. तो ऊन नव्हता. पण रात्रभर उघड्यावर पडलेला दगड उणे चौदात जसा हाताला चावतो, तसा चावलाही नाही.

एरवी त्या अकराच्या बसने यायच्या. आज जावयाची गाडी याच बाजूला येत होती, म्हणून दोन तास आधी पोहोचल्या होत्या.

दुलमाबाईंचे वय सदुसष्ट. मंगोलियाच्या उत्तरेकडच्या या कारखान्यांच्या शहरात, घरांच्या भिंती ओतणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांची एकतीस वर्षे गेली, आणि पुढची नऊ तंत्रविद्यालयात शिकवण्यात. शहरातला निम्मा बांधकाम-धंदा त्यांना 'बाग्श' म्हणे, म्हणजे गुरू. उरलेला निम्मा त्यांच्या विद्यार्थ्यांच्या हाताखाली काम करी. निवृत्तीनंतर त्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या निरीक्षक झाल्या होत्या. सरकारी कामात कोणी खात तर नाही ना, यावर ही संस्था देशोदेशी नजर ठेवते. नगरपालिका, ठेकेदार कंपनी आणि संस्था यांच्यात तिहेरी करार झाला होता. त्यानुसार संस्थेच्या माणसाने कोणत्याही वेळी यावे, कोणत्याही कोपऱ्यात शिरावे, कोणताही कागद मागावा. मानधन काही नव्हते. बसचे भाडे मिळे, तेही पावती दिल्यावर.

काम बालवाडीचे होते. तीन मजले, दोनशे चाळीस मुले. या शहरात बालवाडीतली जागा सोडतीने मिळते आणि ज्याचे नाव निघत नाही त्या घरातली एक आई कामावर जात नाही. म्हणून पुढच्या सप्टेंबरला ही इमारत उघडणार, हे वाक्य शेजारपाजारच्या चाळीस बिऱ्हाडांना पाठ होते.

तिसऱ्या मजल्याचे खांब ऑक्टोबरात ओतले गेले, थंडी सुरू झाल्यावर. प्रत्येक ओतणीच्या वेळी त्याच घाण्यातले काँक्रीट साच्यांत भरून ठोकळे करतात आणि खांबाशेजारी उघड्यावर ठेवतात. खांब जी थंडी खातो तीच ठोकळ्याने खायची. अठ्ठावीस दिवसांनी ठोकळा यंत्रात दाबून फोडायचा. खांबाला फोडून विचारता येत नाही, म्हणून ठोकळ्याला विचारायचे. पहिल्या खेपेच्या सहा ठोकळ्यांचे उत्तर गेल्याच आठवड्यात आले होते. पंचवीस मेगापास्कल ताकद पुरेशी होती, आली तेहतीस. दुलमाबाईंना नवल वाटले होते आणि बरेही वाटले होते, कारण कामावरचा अभियंता सेंगे हा त्यांचा विद्यार्थी होता.

पहारेकऱ्याचे गेर, दाबलेल्या लोकरीच्या नमद्याचे गोल घर, फाटकाच्या आत होते. लोदोइ आणि त्याची बायको पागमा तिथेच राहत. दुलमाबाई आल्या की पागमा दाराबाहेर उभी राहून दोन्ही हातांत चहाची वाटी धरी, आणि दुलमाबाई छातीवर हात ठेवून आपला थर्मास दाखवीत. संस्थेचा नियम होता, की कामावरच्या कोणाकडून पाणीसुद्धा घ्यायचे नाही. नियम चांगला होता. पण या देशात दारातली वाटी परत फिरवणे म्हणजे तुमच्या चुलीवर आमचा विश्वास नाही असे तोंडावर सांगणे. पाच वेळा वाटी फिरल्यावर पागमाने बाहेर यायचे सोडले होते.

त्या दिवशी दुलमाबाई स्वतः दारापाशी गेल्या.

"पागमा, आज चहा देशील का?"

"का हो ताई?" आतूनच उत्तर आले. "बाटलीतला संपला वाटतं शहरातला?"

तरी दार उघडले. दुलमाबाई वाकून आत शिरल्या आणि वाटी हातात येण्याआधीच त्यांना हवे ते दिसले. शेगडीच्या पूर्वेला जमिनीवर जुने मेंढीचे कातडे पसरले होते. लोकरीत सहा चौकोनी खळगे होते, अजून न बुजलेले.

लोदोइ बुटाचा तळवा शिवत बसला होता. त्याला काही लपवायचे आहे असे त्याच्या चेहऱ्यावर कुठेही नव्हते. ठोकळे रात्री आत असतात का, असे विचारताच तो उलट खुलला.

"मग काय बाहेर ठेवू? साहेब म्हणाले, यांच्यावर सगळ्या इमारतीची परीक्षा आहे, नीट सांभाळ. पहिल्याच रात्री बघितलं, ओलेच होते ते. ओलं पिल्लू कोणी बाहेर ठेवतं का, ताई? अंधार पडला की आत घेतो आणि उजाडलं की परत जागच्या जागी. त्यांच्यावर आकडे टाकलेत ना, त्याच क्रमानं."

"पहिल्या खेपेचेही?"

"सगळेच. एकसुद्धा तडकू दिला नाही." तो सुईकडे पाहत पुढे म्हणाला, "चारशे जनावरं होती माझी. एका हिवाळ्यात उभ्या उभ्या गेली. ही सहा तरी जगवता येतात, म्हटलं."

दुलमाबाईंनी तो खारा चहा घेतला. दूध बेताचे होते, मीठ बरोबर होते. त्यांनी लोदोइला काही सांगितले नाही. बाहेर आल्यावर वहीत लिहिले : '९.३०. पहारेकऱ्याच्या घरी एक वाटी चहा घेतला. नियमभंग माझा.' आणि त्याखाली, थोडे थांबून : 'हा नियमभंग एक महिना आधी व्हायला हवा होता.'

सेंगे कामाच्या कचेरीत, म्हणजे एका लोखंडी डब्यात, नकाशे पसरून बसला होता. वय एक्केचाळीस, कानशिलावरचे केस पिकलेले. पण बाई आत आल्या की तो अजून वर्गातल्यासारखा उभा राही. दुलमाबाईंनी त्याला बसायला सांगितले आणि स्वतः उभ्या राहिल्या. करारात लिहिले होते, की थंडीत खांब ओतायचे तर भोवती तंबू उभारायचा आणि आत गरम हवेची यंत्रे सात दिवस चालवायची. ऑक्टोबरात त्यांनी तंबू कुठे आहे म्हणून विचारले, तेव्हा कालच उतरवला, असे सेंगे म्हणाला होता. त्यांनी तसे लिहून घेतले होते. दुसरा कोणी अभियंता असता तर त्यांनी पावती मागितली असती.

"तंबूची पावती काढ, सेंगे."

तो खण उघडून कागद चाळू लागला. बराच वेळ चाळत राहिला. मग खण बंद केला.

"तंबू आलाच नाही, बाग्श. कागदावर आला. यंत्रंपण कागदावरच आली. वरून सांगितलं, सही कर. केली."

"आणि पैसे?"

"ते माझ्याकडे नाही आले. कुणाकडे गेले ते मी विचारलं नाही."

"ठोकळे गेरमध्ये निजतात, हे माहीत होतं?"

"तिसऱ्या दिवशी कळलं. म्हातारा सकाळी एकेक बाहेर आणून मांडत होता. ओरडणारच होतो त्याच्यावर." सेंगेने पेन्सिल उचलली आणि परत ठेवली. "मग वाटलं, मी तर काही केलं नाही ना. तो आपणहून करतोय. त्याला करू दे."

दुलमाबाई खिडकीतून तिसऱ्या मजल्याकडे पाहत होत्या. खांब सरळ होते, कोपरे स्वच्छ होते. हात सेंगेचाच होता. वर्गातही त्याचे साचे सर्वांत नेटके असत.

"वर फक्त छप्पर आहे, बाग्श," तो हळूच म्हणाला. "पडणार नाही ते."

"किती वर्षं?"

त्याने नकाशाची मुडपलेली कड सरळ केली.

"पहिल्या आठवड्यात गोठलेलं काँक्रीट पुढं कितीही ऊब दिली तरी सावरत नाही. हे मी शिकवलं होतं की नाही?"

"शिकवलं होतं. वही आहे अजून माझ्याकडे." मग तो म्हणाला, "परवाना जाईल माझा."

"हो."

सेंगे नकाशे गुंडाळू लागला. पाच वर्षांपूर्वी जानेवारीत दुलमाबाईंचे यजमान गेले. जमीन दोन मीटरपर्यंत गोठलेली होती. सेंगे दोन दिवस आणि दोन रात्री उणे तेहतिसात कबरीच्या जागेवर कोळसा पेटवून ती मऊ करीत बसला होता, आणि तिसऱ्या दिवशी त्यानेच खणली होती. त्याची दोन बोटे तेव्हापासून टोकाशी बधिर होती. त्या दिवशी कचेरीत त्याने हा विषय काढला नाही. काढला असता तर दुलमाबाईंना रागावता तरी आले असते.

पुढच्या सोमवारी राजधानीतून प्रयोगशाळेची माणसे आली. तिसऱ्या मजल्याचे खांब बत्तीस. त्यांतल्या बाराचा गाभा पोकळ बरम्याने काढण्यात आला. सरासरी ताकद तेरा पूर्णांक आठ भरली.

कंपनीचे पत्र दोन दिवसांत आले. पहारेकऱ्याने ठोकळ्यांत ढवळाढवळ केली, त्यामुळे कंपनीची दिशाभूल झाली, असा त्याचा आशय होता. दुलमाबाईंनी अहवाल लिहायला चार दिवस घेतले. अकरा पानांचा झाला. तंबूच्या खोट्या नोंदीचे तीन कागद जोडले, सेंगेची सही जिथे होती तिथे सेंगेचे नाव लिहिले आणि त्याला सही करायला सांगणाऱ्यांची नावे शोधून काढण्याची शिफारस केली. लोदोइविषयी एकच ओळ होती : 'पहारेकऱ्याने ठोकळे लपवले नाहीत, जपले, जपू नये असे त्याला कोणी सांगितले नव्हते.'

अहवाल उलानबातरच्या शाखेत पोहोचला त्या संध्याकाळी नारा नावाच्या शाखाप्रमुखाचा फोन आला. वय चौतीस, बोलणे भरभर. अहवाल उत्तम आहे, मुख्यालयाला पाठवते आहे, असे तिने सांगितले. फक्त शेवटचा परिच्छेद तिला समजला नव्हता.

शेवटच्या परिच्छेदात दुलमाबाईंनी लिहिले होते : 'कामाच्या सुरुवातीला भरलेल्या अर्जात, कामावरील कोणाशी संबंध आहे काय, या प्रश्नापुढे मी 'नाही' लिहिले. रक्ताचा संबंध नव्हता, म्हणून लिहिले. अभियंता सेंगे माझा विद्यार्थी आहे. माझ्या कुटुंबावर त्याचे उपकार आहेत. याच कारणाने ऑक्टोबरात मी त्याच्याकडे पावती मागितली नाही.'

"ताई, हे कशाला?" नारा म्हणाली. "गाभे खोटं बोलत नाहीत. तुमच्या या ओळींनी निकालात काही फरक पडत नाही. मात्र मुख्यालयानं ते वाचलं की मला तुमचं नाव यादीतून काढावं लागेल. कायमचं. आणि तिकडं काँक्रीट कळणारं दुसरं माणूस कुठून आणू मी?"

"कॉलेजात दोन मुली आहेत. नावं कळवते."

"तुम्हाला कोणी विचारलेलं नाही, ताई. कोणाला कळणारही नाही."

"ठोकळ्यांविषयी सेंगेलाही कोणी विचारलं नव्हतं," दुलमाबाई म्हणाल्या.

मग नाराने, पत्र डिसेंबरात येईल, असे सांगितले आणि फोन ठेवला. पत्र डिसेंबरात आले. त्यात आभार मानलेले होते.

हिवाळाभर दुलमाबाईंना दुकानाच्या रांगेत बोलणी खावी लागली. शेजारची एक तरुण आई, जिच्या मुलाची जागा बुडाली होती, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, की काही म्हाताऱ्यांना घरी नातवंडं नसली म्हणजे दुसऱ्यांची पोरं दिसत नाहीत. दुलमाबाईंना नातवंडे तीन होती. त्यांनी पाव घेतला आणि रांगेतून बाहेर आल्या.

नगरपालिकेतल्या दोन अधिकाऱ्यांना आणि कंपनीच्या एका संचालकाला चौकशीला बोलावले गेले. अधिकाऱ्यांतला एक सुटला. सेंगेचा परवाना दोन वर्षांसाठी निलंबित झाला. लोदोइची नोकरी टिकली, कारण थांबलेल्या इमारतीलाही पहारा लागतोच.

जूनमध्ये खांब पाडायला सुरुवात झाली. दुलमाबाई अकराच्या बसने गेल्या. आत जाण्याचा पास आता नव्हता. जाळीच्या कुंपणाबाहेर त्या उभ्या राहिल्या. वरच्या मजल्यावर आठ-दहा माणसे गोठलेले काँक्रीट फोडून सळ्या मोकळ्या करीत होती. सळ्या चांगल्या होत्या, वाचवता येण्यासारख्या होत्या. त्या सरळ करून बांधणाऱ्यांत एक जण ओळखीचा होता. तो रोजंदारीवर लागला होता. हातमोज्याची दोन बोटे तो वापरत नव्हता.

सेंगेने खाली पाहिले. शिरस्त्राण काढले, थोडा वेळ हातात धरले, मग डोक्यावर घालून तो पुन्हा सळीवर वाकला. एवढ्या अंतरावरून हाक ऐकू गेली नसती आणि दोघांपैकी कोणी मारलीही नाही. दुलमाबाई दीडच्या बसपर्यंत तिथेच होत्या.

नवे खांब जुलैत ओतले. दोन नव्या निरीक्षक मुलींनी ठोकळे काढले, गाभेही काढले आणि २८ ऑगस्टला दोन्हींचे निकाल कुंपणावर लावले. ठोकळे एकतीस पूर्णांक दोन. गाभे तीस पूर्णांक नऊ.