मंजूचा अर्धवट सत्कार

देऊळघाटला माझा सत्कार ठरलाय, हे मला गावी पोचल्यावर कळलं. चौकात बॅनर झळकत होतं. त्यावर माझा जुना फोटो, हातात रॅकेट आणि खाली ठळक अक्षरांत ‘आंतरराष्ट्रीय विजेती कु. मंजुश्री’. परदेशी मुलींबरोबर खेळते म्हणजे जिंकतच असणार, अशी गावाची समजूत. व्यावसायिक टेनिस खेळायला लागून वर्ष होत आलं होतं आणि मी एकही सामना जिंकले नव्हते. पात्रता फेरीतच गाशा गुंडाळायचा आणि पुढच्या गावाची गाडी धरायची, एवढंच चाललं होतं.

बाबा लाईनमन. बुलडाण्याला साहेबांच्या क्लबात दिवे बसवायला गेले तेव्हा मलाही घेऊन गेले, आणि तिथून हे खूळ लागलं. खूळ हा शब्द बाबांचा नाही. तो बाकीच्यांचा.

सत्कारामागे संघपालमामा होता. आईचा धाकटा भाऊ, माझ्यावर जीव टाकणारा आणि म्हणूनच डोक्याला ताप. त्याच्या हट्टापायी मी खेळाडू कोट्यातून नोकरीचा अर्ज भरला होता. ज्युनिअरमधल्या मेडलच्या जोरावर निवडही झाली. घरी मी नुसतं ‘पाहू’ म्हटलं होतं. मामानं त्याचा होकार करून टाकला.

संध्याकाळी विहारासमोर मंडप भरला. मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण-पंचशील झालं आणि मामानं माईक हातात घेतला.

“आपल्या मंजूले सरकारी नोकरी लागली हाय! सोमवारी बुलडाण्याले रुजू होईन. लय पळलं लेकरू, आता पंख्याखाली बसन!”

टाळ्यांचा नुसता कडकडाट. सोमवारी सोलापूरला माझा सामना होता. मामाला ते माहीत होतं.

माजी सरपंच उकंडराव शाल घेऊन उठले. महिन्यापूर्वी याच जागी त्यांनी निवृत्त होणाऱ्या हेडमास्तरांना शाल घातली होती. मी वीस वर्षांची! माझं डोकंच फिरलं. शाल खांद्याशी आली तशी मी मागं सरकले.

“काका, राहू द्या.”

“काऊन वं?”

“शाल घातली की मानूस घरी बसते. मले नाही बसायचं.”

लोक हसले. त्यांना वाटलं, पोरगी लाजतेय. मग मी मामाच्या हातातला माईक ओढून घेतला.

“त्या बॅनरवर लिहेल हाय ते खोटं हाय. वर्षभर मी हारूनच राह्यली. एक मॅच जिंकली नाही. सोमवारी सोलापूरले मॅच हाय, मी तिकडं चालली. नोकरी मले नोको.”

मामाचा चेहरा पार उतरला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण माईक काही मी सोडला नाही.

“आन तिथंबी हारली त?” मामा ओरडला.

“त हारीन! हापिसातल्या टेबलापाशी बसली त हाराचीबी सोय नाही, मामा.”

उकंडराव शाल हातात धरून तसेच उभे. “मंग हिचं काय करू?”

“तुमीच पांघरा. थंडी हाय.”

मंडपात हशा पिकला, पण मामा हसला नाही. आणि आई पहिल्या रांगेतून उठली, पदर सावरला आणि माझ्याकडं न बघता घरी निघून गेली. गावापुढं मी वाघीण होते, पण आईची ती पाठ बघून माईक मामाच्या हातात परत दिला. दुसऱ्या दिवशी निघेपर्यंत ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. बाबांनी बॅग एसटीत चढवून दिली.

सोलापूरला पहिला सेट गेला. दुसरा मी टायब्रेकपर्यंत ओढून नेला. तिथं एकेका गुणासाठी समोरचीला असं पळवलं, की सर्व्हिस करण्याआधी तिला गुडघ्यांवर हात ठेवून श्वास घ्यावा लागला. तरी शेवटी जिंकली तीच. मी रॅकेट आपटली नाही. बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होते, तेवढ्यात फोन वाजला. आईचा.

“काय झालं?”

“हारली.”

“आता पुढची मॅच कुठं हाय?”

“नागपूरले.”

“गाडी मलकापूरवरून जाईन न? टेसनावर डबा घेऊन येतो.”

“मामा?”

“रुसला हाय. म्हंते, समजाव पोरीले.”

“मंग?”

“मंग काय? त्याच्याशी मी भांडतो. तू तुही मॅच खेळ.”