खाडीच्या होडीतली हजेरी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. फणसाच्या लाकडाची, दोन वल्ह्यांची. माझ्यात बसायला तीन फळ्या आहेत. पुढची, मागची, आणि मधली वल्हवणाऱ्याची. माझा रंग पूर्वी निळा होता. आता जिथे जिथे हात लागतात तिथे लाकूड दिसते. पण त्याचे मला वाईट वाटत नाही, कारण ते हात बहुतेक मुलांचेच आहेत.

माझा जन्म पूर्णगडच्या किनाऱ्यावर झाला. भिकाजी मेस्त्रींनी मला घडवले. दोन फळ्यांमधल्या फटीत ते कापूस ठोकून बसवत, वर राळ भरत, आणि कानाने ऐकल्यासारखे बोट फिरवून बघत. मला प्रथम पाण्यात ढकलले तेव्हा एक थेंबही आत आला नाही. मेस्त्री पाण्यात उभे राहून हसले. पुढे मी खूप ओझी वाहिली, पण तसे कौतुक पुन्हा क्वचितच वाट्याला आले.

तिथून मला, आज मला वल्हवणाऱ्या रशीदच्या वडिलांनी खाडीच्या आत, बेलेवाडीला आणले. वाडी या काठाला. बाजार आणि हायस्कूल त्या काठाला. मी आंब्याच्या पेट्या नेल्या, नवरानवरी नेली, एकदा तर बॅण्डवाल्यांसकट वरात नेली. मग वाडीला खाडीला वळसा घालून डांबरी रस्ता आला, एसटी आली, आणि मला उंडीच्या झाडाखाली पालथे घातले गेले. माझ्याखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या. लाकूड सुकले, फटी पडल्या. रस्त्याने जाणारी माणसे माझ्याकडे बघायची, पण मी त्यांना दिसत नसे.

गेल्या वर्षी पावसात रस्त्यावरची मोरी, म्हणजे छोटा पूल, वाहून गेली आणि एसटी बंद पडली. वाडीतली शाळा सातवीपर्यंतच. पुढे शिकायचे तर खाडी ओलांडायला हवी. रशीद तोवर आखातातल्या बोटीवरची नोकरी संपवून घरी आला होता. त्याची मुलगी झारा तेव्हा आठवीत होती. त्याने मला सुलटे केले, कोंबड्यांची समजूत काढली, फटी भरल्या, तेल पाजले, बाजारातून केशरी लाइफ जॅकेटे आणली, आणि एका सकाळी मी पुन्हा पाण्यावर आले. काय सांगू, मित्रांनो! आधी जरा गळले, पण आनंदानेच गळले.

याच जूनमध्ये माझ्यात मृणाली आंबेरकर बसू लागली.

मृणालीला मी आधीपासून ओळखत होते. वाडीच्या शाळेत सातवीत ती एकटीच होती. गुरुजीही एकच. म्हणून घंटा तीच वाजवायची, पहिलीतल्यांना रांगेत उभे करायची, कुणाचे नाक वाहिले तर तीच पुसायची. तिचा आवाज उंडीच्या झाडापर्यंत ऐकू यायचा. हायस्कूलच्या पहिल्या दिवशी ती नवा गणवेश घालून माझ्या पुढच्या फळीवर ताठ बसली. तिची आई विमला काजूच्या कारखान्यात जाते. ती धक्क्यावरून म्हणाली, "झारा, हिला जरा सांभाळ हां गो."

"मला कोण सांभाळायला नको," मृणाली म्हणाली.

पण संध्याकाळी ती गप्प होती. दुसऱ्या दिवशीही. त्यानंतर ती पुढच्या फळीवर बसेनाशी झाली. मागे, रशीदच्याही पाठीमागे बसायची आणि पाण्यात बोट बुडवून ठेवायची. रशीदने विचारले, "काय गो, शाळा कशी आहे?" ती म्हणाली, "मोठी आहे." एवढेच.

मग एका सकाळी आम्ही पलीकडच्या धक्क्याला लागलो. झारा उतरली. डोक्यावर माशांची पाटी घेऊन बाजाराला निघालेली कमळामावशी उठू लागली. मृणाली मात्र जागची हलली नाही.

"मी नाय जाणार," ती म्हणाली. "मी वाडीत परत जाते. आईबरोबर कारखान्यात जाईन."

रशीदने वल्ही आत घेतली. झारा पुन्हा माझ्यात चढली आणि तिच्याशेजारी बसली.

"कोण काय बोललं तुला?"

"नाय."

"मारलं कुणी?"

"नाय गो." आणि मग मृणालीला रडू कोसळले. "माझं नावच नाय त्यांच्या हजेरीत!"

हळूहळू सगळे बाहेर आले. पहिल्या दिवशी पत्र्याच्या शेडमध्ये वर्गवार नावे वाचली होती. वर पाऊस इतक्या जोरात वाजत होता की तिला काही ऐकू आले नाही. बाजूच्या मुली निघाल्या, त्यांच्या मागे ही गेली आणि 'आठवी ब'मध्ये जाऊन बसली. हजेरीत तिचे नाव आलेच नाही. तिला वाटले, हायस्कूलने आपल्याला घेतलेच नाही. ती मान खाली घालून बसून राहिली. मग लाकडी पार्टिशनच्या पलीकडून, 'आठवी अ'मधून, हाक ऐकू आली, "मृणाली आंबेरकर!" पलीकडे कुणीच ओ देईना. इकडे हिच्या तोंडून आवाज फुटेना. तेव्हापासून रोज सर पलीकडे तिचे नाव घ्यायचे, आणि रोज ती इकडे बसून ते ऐकायची.

रशीदला हसू आले. झाराने बापाकडे असे काही पाहिले, की त्याने ते मिशीत दाबले.

"अगो, मग उठून सांगायचं ना!"

"एवढ्या मुलांसमोर? आता इतक्या दिवसांनी? सगळी हसतील, चाचा."

"हसतील," झारा म्हणाली. "हसूंदेत. एकदाच हसतील. तू अशीच बसलीस तर रोज रडशील. मी आठवीत आले तेव्हा मुलांच्या रांगेत उभी राहून पोषण आहार घेतला होता. हसली सगळी. आता कुणाला आठवतंय?"

"मला आठवतंय," रशीद म्हणाला, "तू घरी येऊन भांडं फेकलंस."

"अब्बा!"

मृणालीला रडतारडता हसू आले. ते बघून रशीदला काय वाटले कोण जाणे. त्याने काठावर घट्ट बांधलेला माझा दोर आणखी एकदा ओढून पाहिला आणि म्हणाला, "ही मागची फळी म्हणजे आठवी ब. ती पुढची, आठवी अ. मी हेडमास्तर. चला, हजेरी! कमळाबाय!"

कमळामावशी पाटी सांभाळत उभी होती. ती जन्मात शाळेत गेलेली नाही. तिने पाटी खाली ठेवली आणि ओरडली, "हजर! लाव माझी हजेरी, बाबा. एकदा तरी लागूंदे!"

"मृणाली आंबेरकर!"

"हजर," मृणाली पुटपुटली.

"पाण्याचा आवाज येतो. तुझा नाय येत."

"हजर."

"हेडमास्तर बहिरे आहेत गो!" कमळामावशी म्हणाली.

"हजर!" मृणाली ओरडली. पलीकडच्या झाडावरचा बगळा उडाला.

"आता उठ," झारा म्हणाली, "आणि 'ब'च्या मॅडमना काय सांगायचं ते सांग. मग चालत 'अ'मध्ये जा."

मृणाली उठली. "मॅडम, मी चुकून या वर्गात बसल्येय. माझा वर्ग शेजारी आहे." मग ती दप्तर घेऊन निघाली. मित्रांनो, होडीत उभ्याने चालणे सोपे नसते. मागच्या फळीवरून मधली ओलांडून पुढे जायचे आणि सगळे आपल्याकडे बघत असायचे. मला हाताला धरता येत नाही. मी फक्त शक्य तेवढी स्थिर राहिले. ती पुढच्या फळीवर पोचली, वळली आणि धपकन बसली. कमळामावशीने टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात हायस्कूलची पहिली घंटा झाली आणि दोघी पोरी धक्क्यावरून पळत सुटल्या.

तो दिवस मला फार मोठा वाटला. भरती आली, ओसरली. रशीद दोनदा उगाचच येऊन माझे पाणी उपसून गेला. मी तर मुळीच गळत नव्हते.

संध्याकाळी मृणाली धावतच आली. तिच्या मागे झारा, आणि झाराच्या मागे एक चष्मेवाला मुलगा.

"चाचा! मी उठले. सांगितलं. सगळी हसली."

"मग?"

"मग मागच्या बाकावरून हा उठला. म्हणाला, मॅडम, मी पण 'अ'चाच आहे!"

तो चष्मेवाला ऋत्विक. नुकताच सावर्ड्याहून आलेला, इथे कुणालाही न ओळखणारा. तोही इतके दिवस चुकीच्या वर्गात मान खाली घालून बसला होता!

"मॅडमच हसायला लागल्या," ऋत्विक म्हणाला. "म्हणाल्या, आणखी कोण आहे का? आत्ताच सांगा."

दोघे शेजारच्या वर्गाच्या दारात पोचले तेव्हा सर हजेरीच घेत होते. "मृणाली आंबेरकर," त्यांनी सवयीने म्हटले आणि उत्तराची वाट न पाहता पुढचे नाव घ्यायला तोंड उघडले. दारातून इतक्या मोठ्याने "हजर!" आले, की त्यांच्या हातातले पेन पडले, आणि पार्टिशनच्या पलीकडून अख्ख्या 'ब' वर्गाने टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी रशीदने ऋत्विकला खाडीतून एक चक्कर मारून आणले. मृणाली पुढच्या फळीवर बसली होती आणि वाडीला परत येताना सबंध वेळ बोलत होती. वाडीच्या धक्क्यावर विमला उभी होती. लेकीचा आवाज तिला अर्ध्या खाडीतूनच ऐकू आला आणि तिने पदराने डोळे पुसले.

आता मोरी बांधून झाली आहे. एसटी सुरू झाली. शाळेची मुले तिच्यातून जातात, आणि ते बरेच आहे. पावसात कोरडी पोचतात. मला वाटले, आता पुन्हा पालथे पडणे आले. पण तसे झाले नाही. रविवारी मृणाली, ऋत्विक आणि दोन्ही वर्गांतली मुले येतात. रशीद त्यांना पाळीपाळीने वल्हवायला शिकवतो. नवीन मुलाने वल्हे हातात धरले की ते मला गोल गोल फिरवते. मला ते आवडते.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या वर्गात कुणी मान खाली घालून गप्प बसलेले दिसले, तर त्याला हसण्याआधी त्याचे नाव विचारा आणि बाकावर थोडे सरकून बसा. खाडीकाठी एखादी पालथी होडी दिसली, तर तिला तेल द्या, पाणी दाखवा. माणूस काय, लाकूड काय, फार दिवस कुणी हाक मारली नाही की सुकते.

बरे, आता थांबते. धक्क्यावर पोरांचा गलका सुरू झाला आहे, आणि रशीद वल्ही खांद्यावर टाकून येतो आहे. मला निघायला हवे.